गारपगाऱ्याचा हक्क

माघ सरून फाल्गुन लागतो तेव्हा यवतमाळ जिल्ह्याच्या काळ्या जमिनीत गहू ओंबीत भरलेला असतो, हरभऱ्याचे घाटे टणक होत आलेले असतात, जवसाची निळी फुले झडून बोंडे तपकिरी पडलेली असतात, कपाशीची शेवटची वेचणी राहून गेलेली असते आणि आंब्याच्या मोहोरातून बारीक कैऱ्या धरू लागलेल्या असतात. म्हणजे वर्षभराच्या श्रमाचे जे काही कास्तकाराच्या पदरात पडावयाचे त्यातले बरेचसे या पाच-सहा आठवड्यांत उघड्या आभाळाखाली उभे असते. ज्वारी कापून झालेली असली तरी ती खळ्यावर असते, घरात नसते. नेमक्या याच दिवसांत, ऊन कलता कलता, क्षितिजावर ढगाचा एक पर्वत उभा राहतो, वारा एकाएकी पडतो, मग कोठून तरी थंडगार झोत अंगावर येतो, आणि पुढचे सारे दहा-पंधरा मिनिटांत आटोपते. ज्या वावरावरून ती सर गेली तेथे ओंब्या मातीत आणि पानांच्या चिंध्या होऊन पडलेल्या असतात; आणि तिथून कोस-दीड कोसावरच्या वावरात, कित्येकदा मधला नुसता धुरा ओलांडला की, पीक जसेच्या तसे उभे असते.

या आभाळातल्या बर्फाचा बंदोबस्त करावयास वऱ्हाडातल्या आणि नागपूरकडच्या मराठी गावांनी पूर्वी एक माणूस ठेवलेला असे. त्यास गारपगारी म्हणत. सुताराने नांगर करावा, लोहाराने फाळ शेवटावा, तसे गारपगाऱ्याने गावावर आलेल्या गारा परतवून लावाव्यात आणि त्याबद्दल सुगीच्या वेळी खळ्यावरून आपला हक्क उचलावा, अशी ती व्यवस्था होती. आज या व्यवस्थेचे नाव काढले तर ऐकणारा हसतो. परंतु ज्या काळात ती जिवंत होती त्या काळाचा इतिहास जरा सावकाश पाहिला, म्हणजे हसणाऱ्याचा उत्साह थोडा मावळावा असे तिच्यात बरेच काही आहे.

हा प्रदेश जुना. अबुल फजलने अकबराच्या कारकिर्दीत वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांची आणि महालांची जी यादी केली तीत कळंब आणि माहूर या सरकारांची नावे आहेत, आणि आजच्या यवतमाळचे नाव शेजारच्या लोहाऱ्याशी जोडलेले सापडते. मोगलांमागून निजाम आला, नागपूरकर भोसल्यांचा अंमल त्याच्या अंमलात मिसळला, आणि एकाच गावच्या वसुलावर दोन धन्यांचे कमाविसदार बसण्याची दुअमली रयतेने पिढ्यान्‌पिढ्या सोसली. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. १८६४ मध्ये आग्नेय वऱ्हाडाचा एक निराळा जिल्हा झाला, जो पुढे वणी जिल्हा म्हणून ओळखला गेला जरी त्याचे मुख्य ठाणे यवतमाळ हेच होते. आणि १९०५ मध्ये वाशीम जिल्हा मोडून दारव्हा व पुसद हे तालुके इकडे जोडले गेले तेव्हा यवतमाळ जिल्ह्याने आपले आजचे नाव घेतले. हे सारे फेरफार जमाबंदीच्या कागदावर झाले. गावच्या वेशीत पाटील, पटवारी, महार, सुतार, लोहार, जोशी, गुरव हे ज्याच्या त्याच्या जागी होते, आणि त्यांच्याबरोबर, इतर महाराष्ट्राला फारसा ठाऊक नसलेला, हा गारपगारीही होता.

गारपगाऱ्याविषयी सरकारी दप्तरातली सर्वात सविस्तर हकिकत आपल्याला रॉबर्ट व्हेन रसेल या मुलकी अधिकाऱ्याने आणि रायबहादूर हिरालाल यांनी मिळून लिहिलेल्या मध्यप्रांतातील जातीजमातींवरच्या चार खंडांच्या ग्रंथात सापडते. रसेल या मुलखाला परका नव्हता. १९०८ साली छापलेल्या यवतमाळ जिल्ह्याच्या गॅझेटियरवर ब्राउन यांच्याबरोबर त्याचे नाव आहे. हिरालाल तर कटनीकडचे, शिलालेख वाचणारे, देशी भाषांत मुरलेले विद्वान. साहेबाला जे नुसते दिसे ते त्यांना समजे. या दोघांच्या लेखी १९११ च्या खानेसुमारीत गारपगारी सुमारे नऊ हजार भरले, आणि त्यांची वस्ती मुख्यत्वे मराठी जिल्ह्यांत व वऱ्हाडात होती. मुळात हे नाथ, म्हणजे गोरखनाथाच्या परंपरेतले जोगी. गारा वारण्याचा धंदा पत्करल्यामुळे त्यांची निराळी जात पडली. जोगी कोणाच्याही दारी भिक्षा मागे. गारपगारी मात्र कुणब्यांखेरीज व मालगुजारांखेरीज इतर कोणापुढे हात पसरीत नसे, आणि हे सयुक्तिकच होते, कारण ज्याचे पीक राखायचे त्याच्याकडूनच मोबदला घ्यायचा हा त्याचा करार होता. भिक्षेकऱ्याचे रूपांतर चाकरमान्यात कसे होते याचा हा एक सुरेख नमुना आहे.

चाकरी मोठी बिकट होती. रात्रीच्या आभाळात तांबडे आणि काळे असे मिश्र रंग दिसू लागले, धुरात ज्वाळा मिसळावी तसे ते भासू लागले, म्हणजे गारा येणार हे गारपगाऱ्याने ताडायचे. मग हातात तलवार घेऊन त्याने गावच्या मारोतीपुढे जाऊन उभे राहायचे आणि ढग पांगव म्हणून देवाची विनवणी करायची. विनवणीने भागले नाही तर धमकी. अंगावरची वस्त्रे फेकून देऊन, मी येथेच जीव देतो, असे त्याने देवाला बजवायचे. प्रसंग फारच आणीबाणीचा असला तर बायकोमुलांनाही देवळापुढे आणून उभे करायचे आणि त्यांचा वध करीन म्हणून सांगायचे. पूर्वीचे गारपगारी खरोखरच अंगावर वार करून घेत असे रसेलला सांगण्यात आले. क्वचित कोणी आपल्या मुलाचा बळी दिल्याच्याही गोष्टी त्याच्या कानी आल्या होत्या. परंतु त्याच्या काळापर्यंत हा विधी बोटातून थोडे रक्त काढण्यापर्यंत येऊन ठेपला होता.

मध्यरात्री विजांच्या लखलखाटात शेंदरी मारोतीपुढे नंगी तलवार घेऊन उभा असलेला हा माणूस देवाची पूजा करीत नव्हता हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. रसेलने हा मुद्दा चांगला ओळखला. नुसता बळी द्यायचा असता तर धमकीचे काम नव्हते. येथे हेतू असा होता की, देवा, तू पीक बुडवलेस तर माझ्या हत्येचे पातक तुझ्या माथी बसेल. मराठी वाचकाला याचा अर्थ समजण्यासाठी मानववंशशास्त्राचीही गरज नाही, कारण आपल्या इतिहासात धरणे आणि त्रागा ही दोन्ही साधने चांगली परिचयाची आहेत. पगार थकला म्हणजे पेशवाईतले शिलेदार सरदाराच्या दारात धरणे धरून बसत, त्यास अन्न घेऊ देत नसत आणि स्वतःही घेत नसत. गुजरातेतले भाट तर एखाद्या कराराला जामीन राहिले आणि तो मोडला गेला, तर स्वतःवर किंवा घरच्या माणसांवर शस्त्र चालवून करार मोडणाऱ्याच्या दारात रक्त सांडीत. गारपगाऱ्याने हेच साधन सरदाराच्या दारातून उचलून देवाच्या दारात नेले होते. त्याच्या दृष्टीने मारोती हा त्या गावचा अंमलदार होता, गारा हा त्याच्या अखत्यारीतला मामला होता, आणि अंमलदाराने कर्तव्यात कसूर केली तर त्यास लोकापवादाची भीती घालणे हा रयतेचा रिवाज होता. ज्या मुलखाने एकाच वसुलासाठी दोन धनी पाहिले त्या मुलखाने देवाशीही असेच वागावे यात मला तरी नवल वाटत नाही.

आणि हा केवळ आपल्याकडचाच वेडेपणा असे कोणास वाटत असेल तर त्याने रोमन तत्त्वज्ञ सेनेका याचा निसर्गविषयक ग्रंथ उघडावा. ग्रीसमधल्या क्लिओनी या गावी गारांवर पाळत ठेवण्यासाठी सार्वजनिक खर्चाने रखवालदार नेमलेले असत, त्यांनी इशारा दिला की लोक कोकरू किंवा कोंबडीचे पिल्लू बळी देत, आणि ज्याच्याजवळ तेही नसे तो टोकदार लेखणीने आपले बोट टोचून त्या रक्तावर भागवीत असे, असे सेनेकाने लिहून ठेवले आहे. सेनेकाला हे सारे हास्यास्पद वाटे. परंतु रखवालदाराच्या हलगर्जीमुळे द्राक्षबागा झोडपल्या गेल्या तर त्याच्यावर खटला भरला जाई हेही तोच सांगतो. क्लिओनीचे टोचलेले बोट आणि वऱ्हाडातले टोचलेले बोट यांच्यामध्ये अठराशे वर्षांचे अंतर आहे आणि एकमेकांची वार्ता लागण्याचा काही संभव नाही. नवव्या शतकात फ्रान्समधल्या लियाँचा धर्माध्यक्ष अगोबार यानेही एक छोटा प्रबंध लिहून तक्रार केली की, देवळाला दशमांश द्यावयास कुरकुर करणारे शेतकरी, वादळापासून शेते राखण्याचा दावा करणाऱ्या भोंदूंना मात्र पिकाचा हिस्सा न मागता देतात. धर्माध्यक्षाच्या संतापात धर्मापेक्षा जमाबंदीचा भाग किती होता हे वाचकाने ठरवावे.

आपल्या प्राचीन पंडितांनी देवाला वेठीस धरण्यापेक्षा ढगाची उपपत्ती लावण्याचा यत्न केला. वराहमिहिराने बृहत्संहितेत मेघांच्या गर्भधारणेचा जो विचार मांडला त्यात गारांची कारणमीमांसा आहे: गर्भ पुष्ट असूनही ग्रहपीडेमुळे तो वेळेवर प्रसवला नाही, तर पुढल्या खेपेस तो करकामिश्रित, म्हणजे गारा मिसळलेले, पाणी देतो, गायीचे दूध फार काळ सडात राहिले की जसे घट्ट होते, तसे वेळ टळून गेलेले पाणी कठीण होते. ही उपमा शास्त्र म्हणून टिकणारी नाही; तरी गार म्हणजे वर अडकून राहिलेले, वेळेवर खाली न आलेले पाणी, ही त्यातली कल्पना सहाव्या शतकाच्या मानाने विलक्षण आहे, हे पुढे कळेल.

आता प्रश्न असा की, गारपगाऱ्याचा हा हक्क पिढ्यान्‌पिढ्या चालला कसा? कुणबी भोळा असेल, पण आपल्या धान्याच्या पेंढीबाबत तो कधीच भोळा नव्हता. ज्या लोहाराचा फाळ मोडे त्याचे बलुते तो तोडी. उत्तर गारांच्या चालीत आहे. वळवाचा पाऊसही सरसकट पडत नाही, पण गारांची वाट त्याहून अरुंद असते. ती काही कोस लांब पसरते आणि बहुधा कोस-दोन कोसच रुंद असते. आभाळ दहा गावांवर काळेतांबडे होते, गारा एका-दोघांवर पडतात. दहाही गावांचे गारपगारी त्या रात्री आपापल्या मारोतीपुढे उभे असतात. त्यांतल्या आठांचा विधी सकाळी सफल ठरलेला असतो आणि उरलेल्या दोघांना देव कोपल्याचे कारण पुरते. दरवर्षी हिशेब केला तरी गारपगारी बहुतेक वेळा यशस्वीच दिसणार. ज्या कामात दहांपैकी आठदा काहीही न करता यश मिळते त्या कामाचा पगार बंद करण्यास समाजाला फार वेळ लागतो. आणि यात वऱ्हाडातला समाज एकटा नव्हता.

तरीसुद्धा तो पगार बंद पडत गेला. इंग्रजी अंमलात वऱ्हाडात मुंबईच्या धर्तीवर रयतवारी पाहणी झाली, प्रत्येक शेताला क्रमांक आणि आकार ठरला, पाटील-पटवाऱ्यांची वतने कायद्याने बांधली गेली. पण बाकीच्या गावचाकरांचे हक्क हा रयतेचा आणि त्यांचा खासगी व्यवहार समजला गेला. त्यातच कापूस आला. अमेरिकेतल्या यादवीने मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाडची आठवण झाली, मुंबईहून लोहमार्ग आला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूरहून अरुंद रुळांची गाडी थेट यवतमाळपर्यंत येऊन कापसाचे गठ्ठे नेऊ लागली. कापूस विकला जातो बाजारात, नगद पैशाने; खळ्यावर उभे राहून त्यातला वाटा उचलणे गारपगाऱ्यास साधेना. पेंढीच्या हिशेबात जी उदारता असते ती रुपयाच्या हिशेबात नसते. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी तर गावाची देण्याची शक्तीच खच्ची केली. रसेल नमूद करतो की गारपगाऱ्याच्या कर्तबगारीविषयी अलीकडे अविश्वास उत्पन्न झाल्याने त्याची प्राप्ती घटली आहे, शेतकरी बरेचदा काहीच देत नाहीत किंवा सुगीला एखादी पेंढी टाकतात, आणि या जातीतले काही लोक पलंगाची नवार विणू लागले आहेत, काही शेती करू लागले आहेत. त्याने अविश्वास हे कारण दिले आहे. माझ्या मते अविश्वास हे निमित्त आणि रोकड हे कारण. गारा कशाने पडतात हे त्या वेळी यवतमाळच्या कुणब्याला कळले नव्हते, आणि साहेबालाही पुरते कळले नव्हते.

रसेलच्या वाट्याला आपला ग्रंथ छापून आलेला पाहणे आले नाही. महायुद्धाचे दुसरे वर्ष चालू होते; ‘पर्शिया’ या जहाजाने तो हिंदुस्थानात परत येत असता ३० डिसेंबर १९१५ रोजी क्रीट बेटाजवळ एका जर्मन पाणबुडीने ते बुडवले आणि जहाजावरच्या तीनशेंहून अधिक माणसांबरोबर तोही गेला. ग्रंथ १९१६ मध्ये प्रसिद्ध झाला. हिरालाल पुढे १९३४ पर्यंत जगले.

हिंदुस्थानातला गारपगारी असा मावळत असताना युरोपात त्याचा एक नवा अवतार जन्मास येत होता, आणि या योगायोगाकडे आपल्याकडच्या सुधारकांचे लक्ष गेले असते तर बरे झाले असते. ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात स्टायरिया प्रांती विंडिश-फायस्ट्रिट्झ नावाच्या गावचा नगराध्यक्ष आल्बर्ट श्टीगर याच्या द्राक्षबागा गारांनी वरचेवर उद्ध्वस्त होत. चर्चच्या घंटा वाजवून वादळ पांगवण्याची तिकडची जुनी रूढी त्यास पुरेशी वाटली नाही, म्हणून १८९६ साली त्याने उखळी तोफांवर पत्र्याचे मोठे कर्णे बसवून आभाळावर बार काढण्यास सुरुवात केली. पहिल्या दोन वर्षांत गावावर गारा पडल्या नाहीत. एवढे पुरे झाले. बघता बघता उत्तर इटलीत अशा तोफा हजारोंनी उभ्या राहिल्या, काझाले, पाडुआ, लियाँ येथे त्यांच्या परिषदा भरल्या, गाड्यांतून तोफा आणि डब्यांतून दारू विकणाऱ्यांनी हात धुऊन घेतले. दरम्यान तोफा फुटून, दारू पेटून माणसे मेली. १९०२ मध्ये ग्राझ येथे भरलेल्या परिषदेत शास्त्रज्ञांनी शंका काढल्या, ऑस्ट्रिया आणि इटली या दोन्ही सरकारांनी निवडक ठिकाणी तोफा डागून कसोटी घेतली, त्या तोफांच्या राखणीतल्या शेतांवरही गारा पडल्या, आणि १९०५ च्या सुमारास ते वेड ओसरले. श्टीगरच्या पहिल्या दोन वर्षांचे यश ज्या कारणाने आले त्याच कारणाने दारव्ह्याच्या किंवा केळापूरच्या गारपगाऱ्याचे येत असे: गारांची वाट अरुंद. फरक एवढाच की वऱ्हाडातल्या विधीत दारूगोळ्याचा खर्च नव्हता.

खरे उत्तर मिळायचे तर ढगात जाऊन पाहणे भाग होते. हिंदुस्थानच्या हवामान खात्याची स्थापना १८७५ ची, परंतु जमिनीवरच्या तापमापकाने वरच्या हवेचे गूढ उकलत नाही. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास आग्र्याला वरच्या हवेच्या वेधांसाठी वेधशाळा उभी राहिली. तेथून हायड्रोजनचे फुगे स्वयंलेखक यंत्रे घेऊन वर जात, फुटत, आणि ज्या खेडुताला ते यंत्र शेतात सापडे त्याने ते परत आणून दिले म्हणजे त्यास इनाम मिळे. अशा फुग्यांनी आणलेल्या नोंदींवरून के. आर. रामनाथन यांनी १९२९ साली दाखवून दिले की विषुववृत्तालगतच्या आकाशात जेथे तापमान उतरणे थांबते ती सीमा सोळा-सतरा किलोमीटरांवर आहे, म्हणजे युरोपवरच्या सीमेहून कितीतरी उंच, आणि भूगोलावरची अतिशय थंड हवा ध्रुवांवर नसून आपल्याच डोक्यावर, त्या उंचीवर आहे. वऱ्हाडातल्या वादळी ढगाला वाढण्यासाठी केवढे आवार मोकळे आहे हे त्यावरून समजले.

या आवारात गार कशी घडते ती प्रक्रिया आज बऱ्याच अंशी ज्ञात आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये खाली जमीन तापू लागलेली असते, बंगालच्या उपसागराकडून दमट वारे मध्य भारतात शिरतात, वर पश्चिमेकडून थंड कोरडे वारे वेगाने वाहत असतात. खालची हवा या वरच्या हवेला छेदून उसळते आणि दोन-तीन तासांत ढगाचा माथा बारा-पंधरा किलोमीटरांवर जातो. यवतमाळवर त्या दिवसांत शून्य अंशाची पातळी सुमारे चार-साडेचार किलोमीटर उंचीवर असते. त्याच्या वर पाण्याचे थेंब गोठलेच पाहिजेत असा आपला समज असतो, पण निर्मळ पाण्याचे सूक्ष्म थेंब शून्याखाली पंधरा-वीस अंशांवरही द्रवरूपात राहू शकतात, आणि उणे अडतीस-चाळीसच्या आसपास गेल्यावरच ते आपोआप गोठतात. अशा थेंबांच्या गर्दीत धुळीच्या कणावर धरलेला एखादा हिमकण सापडला की ते थेंब त्याला स्पर्श होताक्षणी गोठून चिकटतात. कण जड होतो, पडू लागतो, पण खालून येणारा वाऱ्याचा उमाळा त्यास सोडत नाही. थोडे पाणी झटकन गोठले तर त्यात हवा अडकून थर पांढुरका होतो. पाणी फार असेल तर ते सावकाश गोठते आणि थर काचेसारखा होतो. म्हणून गार फोडली की तिच्यात पारदर्शक आणि दुधाळ वलये आलटून पालटून दिसतात. उमाळा पेलेनासा झाला म्हणजे ती सुटते. इंचभर व्यासाची गार ताशी सत्तर-ऐंशी किलोमीटर वेगाने ओंबीवर येऊन आदळते. पाणी वर अडकून पडते, खाली येण्यास उशीर होतो आणि त्यामुळे ते कठीण होते, हे वराहमिहिराचे अनुमान एवढ्यापुरते उभे राहते. पावसाळ्यात मात्र हीच शून्याची पातळी साडेपाच किलोमीटरांच्या आसपास चढते, हवा दमट आणि ऊबदार असते, वरखालच्या वाऱ्यांतला तो विरोध उरत नाही. मग वर जे गोठले ते खाली येईपर्यंत बहुधा वितळून गेलेले असते. आषाढात गारपगाऱ्याला काम नसे ते यामुळे. आणि रात्री ज्या तांबड्या-काळ्या आभाळावरून तो गारा ओळखी तेही निराधार नसावे, कारण असा उंच ढग आतल्या आत सतत विजांनी पेटत असतो आणि ती लाली दुरूनही दिसते.

ज्ञान आले, त्याच्या पाठोपाठ सामर्थ्य येईल असे वाटले होते. १९४६ मध्ये अमेरिकेत व्हिन्सेंट शेफर याने घन कार्बन डायऑक्साइड आणि बर्नार्ड व्हॉनेगट याने सिल्व्हर आयोडाइड वापरून गोठू न पाहणारे थेंब गोठवून दाखवले, आणि लगेच तर्क निघाला की ढगात असे पुष्कळ कण पेरले तर पाणी सर्वांत वाटले जाईल आणि कोणतीच गार मोठी होणार नाही. सोव्हिएत रशियाने कॉकेशसमध्ये तोफांनी आणि अग्निबाणांनी ही पेरणी केली आणि मोठ्या यशाचे दावे केले. अमेरिकेने १९७२ पासून तीन ऋतू कोलोरॅडोत चिठ्ठ्या टाकून, काही दिवशी ढग पेरून व काही दिवशी तसेच सोडून, काटेकोर प्रयोग केला; गारा निश्चितपणे घटल्या असे म्हणण्याजोगे काही हाती लागले नाही. महाराष्ट्राने २००३ साली आणि नंतर २०१५ साली ढगांत पेरणी करून पाहिली ती पावसासाठी, गारांसाठी नव्हे. इतकेच कशाला, २०१० च्या सुमारास सिमल्याकडच्या सफरचंदांच्या बागांसाठी हिमाचल सरकारने गारारोधक तोफा आणल्या त्या श्टीगरच्याच वंशातल्या, फक्त दारूऐवजी ॲसिटिलिन वायूवर चालणाऱ्या. सेनेका असता तर त्याला लेखणी पुन्हा हाती घ्यावीशी वाटली असती.

२०१४ च्या फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रावर जी गारपीट झाली ती लोकांच्या स्मरणात अजून ताजी आहे. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, पश्चिम महाराष्ट्र, यांतला कोणताच भाग सुटला नाही. दिवस उलटत गेले तरी ढग हटेनात. त्याच सुमारास लोकसभेच्या निवडणुकीची आचारसंहिता लागली होती, त्यामुळे मदत जाहीर करण्यापूर्वी राज्य सरकारला निवडणूक आयोगाकडे परवानगी मागावी लागली. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक वावरोवावरी हिंडून पंचनामे करू लागले, आणि पंचनाम्यांत तीच जुनी अडचण उभी राहिली: गारांची वाट अरुंद. मंडळाची सरासरी काढावी तर नुकसान झाकले जाते. शेतवार पाहावे तर माणसे पुरत नाहीत. मदतीला पात्र ठरण्यासाठी पिकाचे पन्नास टक्के नुकसान व्हावे अशी तेव्हा अट होती. २०१५ च्या एप्रिलमध्ये केंद्राने ती तेहतीस टक्क्यांवर आणली. पुढच्या वर्षी आलेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत गारपीट ही स्थानिक आपत्ती धरली जाऊन एकेका शेतापुरता विचार करण्याची तरतूद झाली, मात्र शेतकऱ्याने ठरलेल्या तासांच्या आत कळवले पाहिजे असा नियम पडला. नागपूरच्या हवामान केंद्राचे रडार आता ढगाचा माथा आणि त्यातले पाणी पाहू शकते आणि काही तास आधी इशारा देऊ शकते. खळ्यावरची ज्वारी झाकण्यास तेवढा अवधी पुरतो, उभ्या गव्हाला त्याचा उपयोग नाही.

गारपगारी आता मारोतीपुढे तलवार घेऊन जात नाहीत. त्यांची मुले शाळा-महाविद्यालयांत आहेत. महाराष्ट्र शासनाच्या भटक्या जमातींच्या यादीत भराडी या नोंदीखाली नाथबावा, नाथजोगी, नाथपंथी डवरी गोसावी यांच्याबरोबर गारपगारी हे नाव आहे. परंतु त्याचा लाभ घ्यावयाचा तर २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीपासूनच्या वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा लागतो. म्हणून या घरांतला एखादा तरुण तहसील कचेरीत जाऊन आजोबा-पणजोबांच्या कोतवाल बुकाची किंवा शाळेच्या दाखलखारिजाची नक्कल मागतो आणि मोडी-बाळबोध नोंदींत आपल्या पूर्वजांपुढे तो शब्द लिहिलेला सापडतो का ते शोधतो. ज्या पूर्वजाने जमीन घेऊन शेती पत्करली त्याच्यापुढे कित्येकदा नुसते नाथ असते, किंवा दुसरेच काही. सापडला तर प्रकरण उपविभागीय अधिकाऱ्याकडे जाते. मार्च महिना असला तर त्याच कचेरीत गारपिटीच्या पंचनाम्यांचे कामही चालू असते, आणि तारीख पुढची मिळते.